ताऱ्याचं वय आणि पवार सर

मंगळवार, संध्याकाळ. मंठा

बदला घेतला, तरी डोकं अजून तापलेलंच. आम्ही शाळांत फुगवायच्या तंबूत तारे दाखवतो. माइक पवार सरांकडं, पंखा माझ्याकडं. त्याच्या हवेवरच तंबू उभा. सकाळच्या शोमधी सर म्हणाले, "ग्रहवाला हा तारा गर्रकन फिरतो, म्हणजे तरणा." वय वाढलं की तारे हळू फिरतात, हे बराबर. पण मी बोललोच, "सर, ग्रह लई जवळ असला तर तो ताऱ्याला ओढून जोरात फिरवतो. म्हातारा पण तरणा दिसतो."

सर माइकवरच म्हणाले, "दहावीला दोनदा बसलेले ताऱ्याचं वय सांगून राह्यले! पंखा सांभाळ बाबा." पोरं खदखदली. पंखा बंद केला असता तर तंबू सरांच्या डोक्यावर. पण आत पोरं होती, म्हणून न्हाई केला.

दुपारच्या शोमधी सरांनी माझंच वाक्य स्वतःचं म्हणून ठोकलं. टाळ्या! मी का गप बसू? पंख्यापासूनच ओरडलो, "सर, मंग खरं वय कसं काढायचं?"

"वेळ संपला," सर म्हणाले.

आवरताना सातवीतली एक मुलगी आली. "दादा, तुम्हाला येतं का?" सर तिथंच वायर गुंडाळत होते, कान इकडं. मी पंख्यापाशी बसूनच सांगायला लागलो, "त्या ताऱ्यासोबत जन्मलेला, पण लांबचा जोडीदार तारा शोधायचा. त्याला कुणी ओढलेलं नसतं, म्हणून त्याचं फिरणं मोजून..." इथं मुद्दाम आवाज खाली आणला.

सर वायर टाकून माझ्याशेजारी उकिडवे बसले.