साठ टक्के सवलतीची गादी

अपूर्वा,

पोहे झाकून ठेवलेत, खाऊन घे. मी भोईवाड्यात गादीवाल्याकडे चाललोय. आपण दिलेली जुनी गादी उसवून त्याने कापूस काढला नसेल, तर परत आणतो.

रागावू नकोस, बाय. ॲपवर हजारो लोकांनी दिलेले तारे बघून तू नवी निवडलीस, आणि साठ टक्के सूट बघून मीच हो म्हटलं. गादी चांगलीच आहे. पाठ दुखत नाही, पडल्यापडल्या गाढ झोप लागते.

पण जुनीवर पहाटे डुलकी लागली की तुझी आई यायची. जिवंतपणी बसायची तशीच पायाशी बसून केस विंचरायची. नवीवर एकदाही आली नाही.

ॲपवाले तारे मागतायत. पाचच्या पाच दे. गादीची काही चूक नाही.

नाना