मास्तर एकच, अंक एकच

पनवेल, शनिवार, ३१ मार्च १९५६

आज आमच्या साप्ताहिकाचा वर्षाचा हिशेब झाला. मी माजघरातून सगळं ऐकलं. ह्यांनी भागीदारांपुढे ऐटीत वाचून दाखवलं, की आपला अंक खाडीकाठच्या प्रत्येक गावात जातो. जातो ना. पण एकच जातो! ते कोण सांगणार?

सकाळीच मोरा गावची पारूबाय कोळीण सुकट घेऊन दारात आली होती. म्हणाली, "वैनी, तुमचा पेपर आला का सगला गाव देवलात जमतो. मास्तर वाचतो, आमी आयकतो."

म्हटलं, "मग चौघी मिळून अजून एक अंक घ्या की."

तर हसली मेली. "आनि तो वाचील कोन? मास्तर तर एकच हाय."

एकच मास्तर. सगळ्या गावांची हीच तऱ्हा. जीव आहे म्हणे लोकांचा अंकावर. जीव लावून कागद येतो का?

हिशेबात तोटाच निघाला, म्हणून भागीदारांनी अंक बंद करायचं ठरवलं. आता छापखान्यात नुसत्या लग्नपत्रिका. ह्यांनी तोंडातून 'नको' काढलं नाही. चीड आली मला.

पारूबायने जाताना बजावलं होतं, गावच्या धक्क्याची पायरी फुटलीय, बायका पडतात, ते छापा. मी हो म्हणून बसले. ह्यांना म्हटलं, शेवटच्या अंकात तेवढं घाला.

हे म्हणाले, "शेवटचा अंक कालच गेला."

कालच? गावांचे पत्ते मीच तर चिकटवले त्याच्यावर, गप्पा मारत.