मदतीची कोरी ओळ

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. मुरड, मुरड नाक! दीड वर्षानेच का होईना, मोठी आहे मी. आईच्या गुडघ्यासाठी तेल पाठवलंय, पोचलं का? दुकानातलं नवं शिलाई मशीन कुरकुर करतंय म्हणालीस, त्याचं काय झालं? मी मजेत. मजेत काय, आज पाय जमिनीवर ठरत नाहीयेत! वर्गातून तडक खोलीत आले आणि पत्राला बसले. फोन का केला नाही ते कळेलच तुला. फोनवर आपण आईच्या गोळ्यांच्या पुढे जातच नाही.

तर ऐक. यंदा संगणकीय जीवशास्त्राचा अख्खा कोर्स माझ्याकडे आलाय. नियमही मीच केले. असाइनमेंटबद्दल एकमेकांशी पाहिजे तेवढं बोला, भांडा, पण प्रोग्रॅम ज्याचा त्याने लिहायचा. आणि पहिल्या ओळीत लिहायचं, मदत कोणाची झाली. नाव लिहिलं तर एकही मार्क कापणार नाही. लिहायचं राहिलं आणि मार्क लागायच्या आत येऊन सांगितलं, तरी माफ. मार्क लागल्यावर कळलं तर मात्र शून्य. शेजारच्या खोलीतले प्राध्यापक म्हणाले, "बाई, कोणी लिहिणार नाही." अगं, लिहिलं की! हसून हसून पुरेवाट झाली माझी. एकाने लिहिलंय, 'वडील. त्यांनी वायफाय बंद केलं म्हणून शेवटी स्वतः विचार केला.' एकीने नुसतं 'आत्या (ओरडली)'.

मंगळवारी पहिल्या बाकावरची चष्मेवाली आली. रडून डोळे लाल. म्हणाली, "मॅडम, माझी मदतीची ओळ कोरी आहे. पण मला रूममेटने समजावलं होतं. ती चित्रकलेची आहे. तिचं नाव लिहिलं तर सगळे हसतील असं वाटलं मला."

मार्क अजून लागायचे होते. म्हटलं, "लिही नाव, आणि डोळे पूस आधी." तिने लिहिलं आणि उड्या मारत गेली. मी मात्र तशीच बसून राहिले, ठमे.

तुला आठवतं ना? विचारतेय काय मी, आठवतंच तुला. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. दोन प्राण्यांच्या जनुकांच्या लांबलचक ओळी, अक्षराला अक्षर जुळवायचं. मध्येच एका ओळीतलं काही गळालेलं असलं की पुढचं सगळं घसरायचं. दुकानात, कापायच्या टेबलावर कागद पसरून मी रडकुंडीला आले होते. तू पलीकडे फुलाफुलांच्या कापडाचे दोन तुकडे जुळवत होतीस, ओठांत टाचण्या धरून. मान वर न करता म्हणालीस, "अगं ताई, जुळत नाही तिथे चुणी घाल. पण चार ठिकाणी चिमटे काढू नकोस, ध्यान दिसतं. एकच घाल, मोठी. पुढचं फूल आपोआप फुलावर येतं."

तेच मी प्रोग्रॅममध्ये घातलं. नवी चुणी, म्हणजे ओळीत रिकामी जागा, घातली की मोठा दंड, आहे तीच लांबवली तर थोडासा. ही युक्ती शास्त्रात आधीपासून होती हे मला मागाहून कळलं, पण मला ती पुस्तकातून मिळाली नव्हती. परीक्षकांनी विचारलं, "हे कसं सुचलं?" तू शेवटच्या रांगेत बसली होतीस. तूच शिवलेला ड्रेस अंगावर घालून मी म्हटलं, "विचार करता करता सुचलं."

टाळ्या, शिष्यवृत्ती, मग ही नोकरी. घरी जाताना तू एवढंच म्हणालीस, "ड्रेस छान बसलाय." त्यानंतर एकोणीस वर्षं आपण गोळ्यांवर बोलतोय.

मला लाज वाटली होती गं. शिवणकाम करणाऱ्या बहिणीचं नाव घेतलं तर हसतील म्हणून.

आज मी वर्गात फुलाफुलांच्या कापडाच्या दोन पट्ट्या नेल्या. टाचण्या नेल्या. एक चुणी घातली, फूल फुलावर आलं, आणि साठ पोरं ओरडली! मागची तर बाकावर चढली बघायला! पाच वर्षं फळ्यावर सूत्र लिहून जे कोणाच्या डोक्यात शिरलं नाही, ते दोन मिनिटांत शिरलं. आणि एकाने विचारलं, "मॅडम, हे कसं सुचलं?"

अगदी तोच प्रश्न! हातातल्या टाचण्या टेबलावर ठेवल्या. मग म्हटलं, "मला नाही सुचलं. माझ्या धाकट्या बहिणीला सुचलं. ती कपडे शिवते. आणि एकोणीस वर्षं मी तिचं नाव लिहिलं नाही."

मग चष्मेवाली हळूच म्हणाली, "मॅडम, मार्क लागून गेले की तुमचे." म्हटलं, "हो ना. मग शून्य." आणि माझ्या नावापुढे फळ्यावर भलंमोठं शून्य काढलं. इतकं हलकं मला ती शिष्यवृत्ती मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

पोरं मागे लागलीत, मावशींना बोलवा म्हणून. येशील? आलीस तर पहिल्या रांगेत बस. नाही आलीस तरी तुझं बरोबरच आहे. माफ कर, ठमे. नियमात बसत नाही, तरी मागतेय.

तुझी,
ताई

मदत : ठमीची. कापायच्या टेबलापाशी, ओठांत टाचण्या असताना.