सभासद दोन

तीर्थस्वरूप ताईस धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर सरळ व्हायला वेळ लागेल, तोवर तू वाचायला लाग.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजी अजून चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात का?

इकडे माझी चांगलीच फजिती झाली. तिसरीच्या वर्गाला 'आपण आणि आपले समूह' हा धडा होता. फळ्यावर लिहून कोण शिकतंय, म्हणून मी मुलांना सांगितलं, घरी जी भाषा बोलता तिच्या कोपऱ्यात उभे राहा. बाकं सरकली, कुणाचा तरी डबा सांडला आणि तीन कोपरे खचाखच भरले. चौथ्यात एकटी नवी मुलगी, नाक्यावरच्या शिंप्याची. तोंड एवढंसं झालेलं. अल्पसंख्य म्हणजे काय ते समजावायला निघाले होते (आणि पोरीला नमुना करून बसले!).

"तुझी कुठली गं भाषा?"

तिनं हळूच सांगितलं. ताई, आपली! हीच, जिच्यात तुला लिहितेय. इथे आल्यापासून वीस वर्षांत मी ती फक्त दूध उतू गेल्यावर बोललेय. खडू ठेवला आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"बाई, तुम्हीपण?" तिनं माझं बोट घट्ट धरलं.

पुढे संस्था कशी काढतात ते शिकवायचं होतं. तिनं तिथल्या तिथे काढलीच. ती अध्यक्ष, मी चिटणीस. (वयाला मान राहिलाय कुठे!) सभा रोज मधल्या सुट्टीत, जिन्याखाली. शनिवारपर्यंत सात अर्ज आले. अध्यक्षांची अट एकच, आमच्या भाषेतलं एक वाक्य पाठ हवं. आता मला बघितलं की सातही जण बेंबीच्या देठापासून ओरडतात, "बाई, जेवलात का?" मोठ्या बाई दचकून दाराआडूनच परत गेल्या. मी मात्र तिथेच उभी राहिले, ताई. हे मला कितीतरी वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

आई वेणी घालताना गुणगुणायची ते गाणं अध्यक्षांना हवंय. दुसरं कडवं मला आठवत नाही. लिहून पाठव.

तुझी,
धाकटी

ता. क. आईच्या पेटीवरून आपला दोन वर्षं अबोला आहे. चूक तुझीच होती, या मतावर मी ठाम आहे. पेटी तूच ठेव.

ता. क. दुसरा. कडवं मला पाठ आहे. लिहू नकोस. फोन कर.