दऱ्या आणि दर्या

रीडिंग (इंग्लंड), रविवार, नोव्हेंबर २००५

जमलं एकदाचं. सात महिन्यांनी जमलं, आणि आता वाटतंय, कशाला जमलं.

पुण्यात बाबांना मराठी टाइप करता यावं म्हणून हा प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. ते मराठीचे निवृत्त मास्तर, सह्याद्रीतल्या भटकंतीच्या आठवणी लिहीत होते. पण ‘दऱ्या’ टाइप केलं की स्क्रीनवर उमटायचं ‘दर्या’. एप्रिलमध्ये त्यांची मेल आली, ‘अरे, तुझ्या प्रोग्रॅमने मला सह्याद्रीतून उचलून समुद्रात टाकलंय. बाहेर काढ.’ मी खूप हसलो. ‘पुढच्या वीकेंडला नक्की,’ असं कळवलं. किती वीकेंड गेले? ऑफिसचं काम होतं, खरंय. पण घरात शेल्फ लावले, दिवसदिवस क्रिकेट बघितलं, तेही खरंच की. आई फोनवर सांगत होती, ‘हल्ली ते फार विसरतात रे.’ मी वयावर ढकलून मोकळा.

आज दुपारी नेटाने बसलो, तर चूक निघाली एका ओळीची. एका ओळीची! तसाच पुण्याला फोन लावला. म्हटलं, ‘बाबा, दऱ्या बरोबर उमटतायत आता!’

ते अगदी अदबीने म्हणाले, ‘छान, छान. आपण कोण बोलताय?’

आईने घाईघाईने फोन घेतला. ‘दमलेत रे आज,’ म्हणाली. ती रडत होती, आणि मी मूर्खासारखा तिला नवी फाइल कशी उघडायची ते सांगत बसलो.

समोर स्क्रीनवर अजून ‘दऱ्या’ आहे, अगदी शुद्ध.

‘बाहेर काढ,’ म्हणाले होते. एप्रिलमध्ये.