धाव थांबल्यावरही

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तू, भावोजी आणि पिल्लू मजेत असाल. इकडचंही सांगतो, पण जरा दमानं.

बाबांच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम 'पी'पर्यंत आलंय. गेल्या आठवड्यात 'पँट' तपासला. विजारीचा नव्हे, हसू नकोस, धापा टाकण्याचा. करून पाहिल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही, ही बाबांची पद्धत. तू शाळेत होतीस तेव्हा स्वतःचे गुडघे बोंबलत होते, म्हणून त्यांनी तुला चार मजले पळवत वर आणलं होतं. तू दारात फतकल मारलीस आणि बाबा तुझ्या पाठीला कान लावून बसले! आई कडाडली, "पोरीला आधी पाणी तरी द्या!" मग अर्थ उतरला: 'धाव थांबल्यावरही श्वास धावत राहणे.'

मूळ शोधायचं राहिलं होतं, ते मी शोधलं. ग्रीकमध्ये तो नसलेलं डोळ्यांपुढे दिसण्याचा शब्द. पुढे बोली लॅटिनमध्ये वाईट स्वप्नानं गुदमरण्याचा. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येईतो स्वप्न गळालं, धाप तेवढी उरली. बाबांना वाचून दाखवलं तर गालात हसले. बोलवत नव्हतंच, पडल्यापडल्याच धाप लागायची.

त्यांचं हे आजारपण मी तुला आधीही कळवू पाहिलं होतं. तू फोन उचलला नाहीस, पण माझी तक्रार नाही. "पुन्हा माझा जिना चढू नकोस," असं त्या भांडणात तेच म्हणाले होते. तूही हट्टी, त्यांचीच लेक. पण त्यानंतर जिन्यात पाऊल वाजलं की ते दाराकडे बघायचे. मला ते बघवायचं नाही गं.

काल दुपारी एकदम उठून बसले. म्हणाले, "ठोंब्या, ताई आली बघ. केवढी धाप लागलीय तिला! आधी पाणी दे."

बाहेर कुणी नाही, हे मला ठाऊक होतं. तरी पेला भरून गेलो. कठड्यावरून वाकून तळमजल्यापर्यंत पाहिलं. परत आलो, तेव्हा त्यांची धाप थांबली होती.

बाबा गेले, ताई.

इतकंच लिहायचं होतं, आणि बघ कुठून कुठे फिरून आलो. तुझ्यासाठी भरलेला तो पेला अजून दाराशीच आहे. माझ्यानं ओतून टाकवत नाही.

आता ये. जिना सावकाश चढ.

वर दारातच उभा असलेला,
तुझा ठोंब्या