थोरल्याच्या बाजूनं

२ डिसेंबर, सोमवार

आधी तब्येती. माझा गुडघा – जिना चढताना कुरकुरतो, उतरताना शिव्या देतो. बायको मंगल ठणठणीत, आवाजावरून तरी. तिचा थोरला भाऊ गुंडा दोन गल्ल्या सोडून राहतो – साखर वाढलीय, म्हणून घरी बिनसाखरेचा चहा घेतो आणि मग आमच्याकडं येऊन साखरेचा! धाकटा बिराप्पा मेंढरं घेऊन वाईकडं गेलाय, एवढंच कळतं. त्याची तब्येत गुंडाला विचारायची सोय नाही. मेंढरांची वाटणी झाल्यापासून दोघं बोलत नाहीत. का, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

आणि एक बातमी – मी गुरुजी झालो! चौथीत शाळा सुटलेला, पुढचं सगळं रद्दीच्या पेपरांवर शिकलेला माणूस. विश्रामबागेतल्या शाळेत आम्रपाली बाई दहावीला मराठी शिकवतात. म्हणाल्या, "तात्या, कल्पित गोष्टीतलं खरं काय, ते पोरांनी पुराव्यानिशी मांडायचंय. सगळी एकच लिहितात, 'नेहमी खरे बोलावे.' तुम्ही डोक्यातली एखादी गोष्ट सांगा. म्हणजे गाइडात उत्तर सापडणार नाही."

मंगल म्हणाली, "खोटं बोलायला शिकवायला तुमच्यापरीस चांगला मास्तर कुठला मिळायचा!"

४ डिसेंबर

सांगितली गोष्ट. दोन धनगर भाऊ. वाटणीची आपली रीत – एकानं दोन वाटे करायचे, दुसऱ्यानं त्यातला एक आधी उचलायचा. म्हणजे वाटे करणारा लबाडी करत नाही. पण माझा थोरला बेरकी! चांगल्या मेंढ्या एका वाट्यात, म्हाताऱ्या दुसऱ्यात घातल्या आणि चांगल्यांच्या पायाला खुराच्या वर लोकरीचा दोरा आवळला. दिसत नाही, पण मेंढी लंगडते. धाकटा दोन्ही वाट्यांतनं फिरला, एका लंगड्या मेंढीपाशी उकिडवा बसला, पायावरनं हात फिरवला, उठला. आणि न लंगडणारा, म्हातारा वाटा उचलला. संपली गोष्ट.

मग विश्वजित नावाचं उंच पोरगं म्हणालं, "तात्या, हे खरंच घडलंय का?"

"अजिबात नाही."

"मग खोट्यात खरं कशाला हुडकायचं?"

"शेणात पाय पडला, तर म्हैस इथनं गेली एवढं कळतंय का न्हाई?"

पोरं हसली, पण लिहायला लागली. नियम तीन – आपलं म्हणणं एका वाक्यात. पुरावा गोष्टीतलाच, चुलत्याच्या गावातला नको. आणि 'तात्पर्य' शब्द लिहील त्यानं वर्गाला शेंगदाण्याची चिक्की द्यायची.

६ डिसेंबर

चौदा जणांकडून चिक्की येणं आहे. दातांचं काय करावं!

७ डिसेंबर

गुंडा आला. चहाला नाही. दारातच उभा, डोळे लाल.

वर्गात सोनम म्हणून पोरगी आहे ना, ती गुंडाचीच नात. रात्री तिनं घरी निबंध मोठ्यानं वाचायला घेतला. दोऱ्यापर्यंत आली आणि हा ताटावरनं उठला म्हणे.

"दाजी, कुणी सांगितलं तुमाला?"

"काय?"

"दोरा!"

"माझ्या डोक्यातनं आला गड्या."

"तुमच्या डोक्यात एवढं न्हाई!" म्हणाला आणि गेला.

मग डोक्यात उजेड पडला – म्हणजे ह्यानं खरंच बांधला होता! मी अंधारात खडा मारला आणि बसला तो मेव्हण्याच्या कपाळावर.

९ डिसेंबर

मंगलचा संप. चहात साखर नाही, आमटीत मीठ नाही, तोंडात शब्द नाही. शेवटी एक निघाला – "माझा भाऊ ह्या दारात आला पायजे." माहेरचा एक भाऊ आधीच तुटलाय तिचा. दुसराही माझ्या तोंडाळपणानं जायचा. गंमत गंमत म्हणून गेलो आणि घराचा खांब हलवला की मी!

१० डिसेंबर

सोनमला विचारलं, "निबंधात पुढं काय लिहिलंस?" तिनं वाचून दाखवलं. मी खुर्चीतच उडालो. आणि गुंडानं ते ऐकलंच नाही! अर्ध्यावर उठला शहाणा.

आता त्याला ऐकवायचं कसं? सरळ बोलावलं तर मांजर आंघोळीला येईल, हा नाही येणार. फोनवर म्हणालो, "पाव्हणं, उद्या वर्गात थोरल्याचा निवाडा हाय. पोरं त्याला चोर ठरवणार. त्याच्या बाजूनं बोलायला कुणीच न्हाई बघा." आणि फोन ठेवून दिला.

११ डिसेंबर

आला! इस्त्रीचा फेटा बांधून आला.

विश्वजित उठला. म्हणणं – थोरला चोर. पुरावा – दोरा. खाली बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गुंडा ताडकन उभा. "चोर कसा? ती मेंढरं त्यानं कोकरं असल्यापास्नं अंगाखाली घिऊन वाढिवलेली. तीन दुष्काळ काढलं. ती दुसऱ्याच्या मागं जाताना त्यानं कशी बघायची?"

सोनम म्हणाली, "आबा, पुरावा? गोष्टीत कुठं हाय हे?"

"गोष्टीत न्हाई गं, पण हाय!"

एकही पोरगं हसलं नाही. बाई खिडकीतनं बाहेर बघायला लागल्या. मग मी सोनमला खूण केली.

तिचं म्हणणं – 'धाकट्याला सगळं माहीत होतं.' पुरावा – 'तो उकिडवा बसला आणि पायावरून हात फिरवला. मेंढरांत वाढलेल्या माणसाच्या हाताला दोरा लागणारच. लागूनही त्याने सोडला नाही, कोणाला सांगितला नाही आणि म्हातारा वाटा उचलला. म्हणजे धाकटा फसला नाही. त्याने ती मेंढरे भावाला दिली. थोरल्याला वाटते आपण चोरली.'

गुंडा पहिल्या बाकावर बसला. त्या बाकात त्याचे गुडघे मावेनात.

"परत वाच, बाळ," म्हणाला.

तिनं परत वाचलं. खरं सांगतो, धाकटा उकिडवा बसतो हे वाक्य मी उगाच टाकलं होतं. माझ्याच गोष्टीत एवढं आहे, हे मला माहीत नव्हतं.

१२ डिसेंबर

पहाटेच्या एस.टी.नं गुंडा साताऱ्याला. तिथनं वाई. मंगलनं दशम्या बांधून दिल्या. माझ्याशी अजून अबोला, पण आमटीत मीठ पडलं.

१४ डिसेंबर

फोन आला. मागं मेंढरांचा कालवा, कुत्री. गुंडा ओरडून बोलत होता.

"दाजी, त्याला इचारलं, दोरा घावला हुता का? तर म्हनतो, 'व्हय. एका हाताला कळलं तर दुसऱ्या हाताला कशाला सांगू? तू बोलंनास, मला वाटलं तुला माझं त्वांड बघायचं न्हाई.'"

मग बिराप्पा फोनवर आला. "दाजी, दादाला चार दिस ठिवून घेतो. चहा लय गोड पितोय, सांगू नका घरी."

१५ डिसेंबर

चहात दोन चमचे साखर! मंगल समोर बसली. मी जरा छाती फुगवली. म्हणालो, "बघितलंस? निव्वळ डोक्यातनं काढलेली गोष्ट, पण किती खरी निघाली!"

ती पदरात तोंड घालून हसायला लागली. थांबेना.

"आवं, डोक्यातनं कसली! बिरूनं मला सांगितलं हुतं – दोरा, उकिडवं बसणं, समदं. दादाला सांगू नगं म्हणाला, म्हणून त्याच रात्री तुमाला सांगितलं. तुमी आपलं हूं, हूं, करत झोपला!"

वही, माझे बाई, संसारात आणखी कशाकशाला मी झोपेत हूं म्हणालोय, ते तुला ठाऊक असेल तर लवकर लिहून कळव.